घरच्या सामानातून फ्लाय बांधताना पीस सुटतं, नेढं बुजतं, फ्लाय गरगर फिरते: उपाय काय?

शिंगाळा७

नमस्कार मंडळी. धरणाच्या काठावरून चिलापी आणि लहान महसीर यांच्यासाठी घरीच फ्लाय (गळावर पीस-लोकर बांधून केलेलं किड्यासारखं नकली आमिष) बांधायला घेतल्या आहेत. तयार किट घ्यायचं नाही, घरात आहे त्यातच भागवायचं आहे. सामान असं: शिलाई मशीनचा धागा, स्वेटरची उरलेली लोकर, चिकनच्या दुकानातली पांढरी पिसं, फेविक्विक. गळ ८ आणि १० नंबरचे (नंबर वाढतो तसा गळ लहान), दुकानात सुटे मिळतात ते. गळ धरून ठेवणाऱ्या व्हाइसऐवजी टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळलेली पक्कड, हँडलला रबरबँड लावून.

अडचणी चार आहेत. गळाभोवती गुंडाळलेलं पीस एकदोन मासे लागले की उलगडतं. शेवटच्या गाठीपर्यंत पोचेतो नेढं बुजलेलं असतं, दोरी आतच जात नाही. ओढताना फ्लाय गरगर फिरते आणि दोरीला पीळ पडतो. आणि एका रिळाचा धागा कोरडा असताना चांगला वाटतो, पण पाण्यात तासभर राहिला की तुटतो. यातलं सामानाचं किती आणि हाताचं किती? सुरुवात कोणत्या फ्लायने करावी?

पाणकावळा

शेवटच्या अडचणीपासून धरतो, कारण धागा कच्चा असेल तर बाकी सगळी मेहनत वाया.

तुमचं ते रीळ बहुतेक रेयॉनचं असणार. भरतकामाच्या दुकानात जे चकचकीत धागे मिळतात त्यात रेयॉन बरंच असतं आणि रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद घटते. ओळखायचं सोपं आहे: दोन इंच धागा चिमट्यात धरून काडी लावा. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन, चालेल. कागदासारखा वास येऊन राख झाली तर सुती किंवा रेयॉन, तो बाजूला ठेवा. भरतकामाच्या मशीनसाठी पॉलिएस्टरचाही चकचकीत धागा मिळतो, दुकानदाराला तोच मागा. तो शिलाईच्या धाग्यापेक्षा बारीक आणि सैल पिळाचा असतो. गळाला लटकवून ज्या दिशेने फिरवल्यावर चपटा होताना दिसेल त्या दिशेने थोडा फिरवला की फितीसारखा सपाट बसतो आणि थर चढत नाही. साधा शिलाईचा धागा ८ नंबरपर्यंत ठीक आहे. १२ नंबरच्या गळावर त्याने नुसतं डोकंच वाटाण्याएवढं होतं.

नेढं बुजतं ते निम्मं या जाड धाग्यामुळे आणि निम्मं जागा न सोडल्यामुळे. नेढ्यामागे नेढ्याच्याच लांबीएवढा दांडा उघडा ठेवून मगच पहिला वेढा घ्यायचा, आणि शेवटच्या गाठीपर्यंत तिथे काहीही चढू द्यायचं नाही. नवशिक्या हाताला ती जागा फार वाटते. लोकर, पीस आणि डोकं असं एकापुढे एक सरकत येतं तेव्हा ती कशीबशी पुरते.

फ्लाय फिरते याचं कारण शेपूट. धागा आवळताना तो सामानाला आपल्याबरोबर ओढत दांड्याच्या पलीकडच्या कुशीवर नेतो. शेपूट एका अंगाला गेली की पाण्यात तिचा पंखा होतो. यासाठी शेपटीचा झुबका दांड्याच्या थोडा अलीकडे, तुमच्या बाजूला धरा. पहिला वेढा चिमटीत सैल घ्या, आणि मग धागा सरळ खाली न ओढता वर ओढून आवळा. झुबका बरोबर माथ्यावर येऊन बसतो. बांधून झाल्यावर नेढ्याच्या बाजूने एक डोळा मिटून पाहा. शेपूट, दांडा आणि गळाचं टोक एका रेषेत दिसलं पाहिजे.

गळाच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. बाकी सगळं घरातलं चालतं, गळ चालत नाही. सुट्या गळात मऊ लोखंडाचे बरेच निघतात. पकडीत धरून टोकाला अंगठ्याच्या नखाने खाली दाबून सोडा. टण्णकन जागेवर आला तर चांगला, वाकलेलाच राहिला तर मऊ, मोडला तर जास्त कडक. टोकाजवळचा उलटा काटा बांधायच्या आधीच पकडीने चेपून टाका. कच्चा गळ मोडायचा तर तेव्हाच मोडतो, अर्ध्या तासाचं काम झाल्यावर नाही. शिवाय मासा सोडताना जबडा फाटत नाही. नेढ्याऐवजी चपटं टोक असलेले गळ आणि दांड्यावर खाचा असलेले गांडुळाचे गळ घेऊ नका.

नेढं_आणि_गाठ

वरचं सगळं बरोबर आहे. पीस सुटण्याचं मात्र राहिलं, आणि ते कोडं तारेशिवाय सुटत नाही. सुरुवात वूली बगरने करा. शेपूट, लोकरीचं अंग आणि अंगावर गुंडाळलेलं पीस, एवढीच तिची बांधणी. चतुराच्या अळीपासून छोट्या माशापर्यंत काहीही समजून मासा ती घेतो, त्यामुळे बांधणीतली छोटी चूक खपून जाते. ८ नंबरचा लांब दांड्याचा गळ घ्या.

आधी वजन. ०.८ मिमी जाडीची सोल्डरची तार दांड्याच्या मधल्या भागावर १० वेढे, एकाला एक चिकटून. नेढ्याकडे किमान ३ मिमी दांडा मोकळा. सोल्डरमध्ये शिसं असतं, दात लावून तोडू नका आणि काम झाल्यावर हात धुवा. शिसं नसलेली तारही मिळते, ती थोडी कडक असते पण बसते. धागा नेढ्यामागून सुरू करून सोल्डरवरून जाळीसारखा मागेपुढे दोनदा न्या. तो तसा नेला नाही तर सोल्डर आतल्या आत फिरतं आणि वरचं अंगही त्याच्याबरोबर फिरतं.

शेपटीला पिसाच्या बुडाशी असते ती मऊ लव घ्या. कोरडी लव फुगलेली दिसते आणि माणूस हमखास कमी घेतो किंवा दुप्पट घेतो. बोट ओलं करून ती निथळवा: ओली असताना आगकाडीएवढी जाड दिसली की पुरे. लांबी दांड्याएवढी. जास्त ठेवली तर मासा नुसती शेपूट चावून जातो आणि ती वळणाभोवती गुंडाळतेही. झुबक्याचं पुढचं टोक लगेच कापू नका, सोल्डरच्या मागच्या कडेपर्यंत येऊ द्या आणि तिथे कापा, म्हणजे अंगाला पायरी पडत नाही.

आता तार. पंख्याचं वाइंडिंग करणाऱ्या दुकानात ३६ गेजची लाखेचा थर असलेली तांब्याची तार मिळते, जाडी ०.१९ मिमी. मुठीत मावेल एवढी तार वर्षभर पुरते. जुन्या इअरफोनच्या वायरमधली तार केसासारखी बारीक असते, ती टिकत नाही. १२ सेंमी तार शेपटीच्या बुडाशी बांधून मागे सोडून ठेवा.

लोकर चारपदरी असेल तर पदर सोडवून एकच घ्या, १५ सेंमी. सगळे पदर एकदम गुंडाळले तर सुरवंटाऐवजी लाडू होतो. शेपटीशी बांधा, धागा पुढे आणा, लोकर घट्ट वेढ्यांनी पुढे आणून नेढ्यापासून दोन नेढी अलीकडे बांधून कापा.

पिसाचं मुख्य काम इथे आहे. लांब, अरुंद पीस घ्या, बुडाची लव शेपटीत गेलीच आहे. उघड्या दांड्याने ते नेढ्याच्या बाजूला बांधा, मागच्या बाजूला नाही. बहुतेकांची चूक इथे होते. मग पीस मागे, शेपटीकडे, पाचसहा मोकळ्या वेढ्यांनी न्या. टोक चिमट्यात धरा. कपड्यांचा लाकडी चिमटा त्याला झकास: टोक पकडून खाली लोंबत ठेवला की हात मोकळा. आता मागे सोडलेली तार पिसाच्या उलट दिशेने, पिसाच्या वेढ्यांना छेद देत पुढे आणा. पहिला वेढा पिसाच्या टोकावरूनच गेला पाहिजे. नंतरचा प्रत्येक वेढा पिसाचा कणा एकेका ठिकाणी खाली दाबतो. तार फिरवताना ती सुईसारखी डावीउजवीकडे हलवत न्या, म्हणजे पिसाचे तंतू तिच्याखाली चिरडत नाहीत. अशा बांधणीत पिसाचा कणा माशाच्या दाताने एका जागी तुटला तरी बाकीचे वेढे जागेवर राहतात. तुमच्या फ्लायमध्ये एक ठिकाण तुटलं की सगळं उलगडतं, कारण मध्ये काहीच धरून ठेवत नाही.

तार नेढ्यामागे बांधा आणि कात्रीने न कापता मागेपुढे हलवून तोडा. कात्रीची धार वाचते आणि तुटलेलं टोक बुडात जातं. डोक्यावर धाग्याचे पाचसहा वेढे, आणि गाठ. गाठीसाठी साध्या बॉलपेनचं रिफील काढून नुसतं तोंड वापरा. धागा त्या नळीवर एकदा गुंडाळायचा, तोंड नेढ्यावर टेकवायचं आणि वेढा सरकवायचा. तीन वेळा केलं की गाठ पक्की.

गाठीवर फेविक्विक ओतू नका. ते लोकरीतून आणि पिसातून झिरपत जातं आणि अर्धी फ्लाय काडीसारखी कडक होते. वर दमट हवेत पांढरी पूड धरतं. वापरायचंच तर शेवटच्या दोन सेंमी धाग्याला सुईच्या टोकाने लावून लगेच वेढे घ्या. नाहीतर पारदर्शक नेलपॉलिश पुरतं, दोन पातळ थर, मध्ये अर्धा तास. घट्ट झालं तर ॲसिटोनचे चारदोन थेंब. घरातला रिमूव्हर तेल किंवा पाणी मिसळलेला असला तर पॉलिश दुधासारखं फाटतं, म्हणून बाटलीवरचं वाचा. पॉलिश लावल्यावर लगेच पिसाचा दांडा नेढ्यातून आरपार काढा. वाळल्यावर ते कोरत बसण्यापेक्षा आधीचे दोन सेकंद बरे.

गावरान_पीस

पिसांबद्दल थोडं, कारण ब्रॉयलरच्या पिसांनी वरचं काम होणार नाही. ब्रॉयलर सहासात आठवड्यांत कापला जातो, मानेची आणि पाठीची लांब पिसं यायचं त्याचं वयच नसतं. त्याची पिसं आखूड, रुंद आणि मऊ. शेपटीच्या लवेसाठी उत्तम, गुंडाळायला निरुपयोगी. गुंडाळायला गावरान कोंबड्याची मानेची आणि शेपटीच्या अलीकडची लोंबती पिसं हवीत. दुकानात गरम पाण्यात बुडवायच्या आधी मागून घ्या. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पिसांचे तंतू एकमेकांना चिकटलेले असतात.

पीस कोणत्या गळाला चालेल ते मोजायचं असं: पीस गळाभोवती वाकवून धरा, तंतू ताठ उभे राहतील. त्यांची लांबी टोक आणि दांडा यांमधल्या अंतराच्या दीडपट असावी. यापेक्षा लांब असतील तर पिसं टोक झाकतात आणि मासा लागत नाही.

धुणं चुकवू नका. भांड्यांचा साबण घालून कोमट पाण्यात दहा मिनिटं, दोन पाण्यांतून काढायची, कापडी पिशवीत भरून सावलीत वाळवायची. पूर्ण वाळल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये तीन दिवस, बाहेर एक दिवस, पुन्हा आत तीन दिवस. पिसातली कीड पहिल्या थंडीत मरते, अंडी उरली तर बाहेरच्या दिवशी ती हलू लागतात आणि दुसऱ्या थंडीत जातात. हे केलं नाही तर पावसाळ्यानंतर डबा उघडल्यावर नुसते पिसांचे दांडे हाती येतात. आजारी किंवा आपोआप मेलेल्या पक्ष्याची पिसं घेऊच नका.

रंगाचं कोडं अनेकांना पडतं. खायचा रंग कोंबडीच्या पिसाला आणि खऱ्या लोकरीला पक्का बसतो, पण व्हिनेगर हवं: अर्धा लिटर पाणी, पाव चमचा रंग, दोन मोठे चमचे व्हिनेगर, उकळी न आणता वाफाळत वीस मिनिटं. बाजारातली बरीचशी स्वस्त लोकर ॲक्रिलिकची असते आणि तिला हा रंग अजिबात धरत नाही, कितीही उकळा. तिचा रंग विकत घेतानाच निवडा. हळदीने पिसाला सुंदर पिवळा येतो, चहाच्या पाण्याने मातकट. मात्र हळदीचं पीस साबणाने धुतलं तर लाल पडतं, हळदीला चुना लागून कुंकू होतं तसंच. आणि उन्हात ती लवकर उडते. हळद आणि चहा एकावर एक दिले तर जो शेवाळी रंग येतो, तो चतुराच्या अळीच्या फार जवळचा आहे.

शिंगाळा७

फारच उपयोगी. तार आणि पीस उलट दिशेने हे कळलंच नव्हतं. आणखी दोन विचारतो. वर तरंगणारी फ्लाय घरच्या सामानातून होते का? आणि धागा अजिबात न वापरता काही बांधता येतं का, म्हणजे लहान गळावर जाडीच नको?

पाणकावळा

धाग्याशिवाय बांधायची रीत जुनी आहे आणि ती नामांकित आहे. इंग्लंडच्या विल्टशायरमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि बारीक तांब्याची तार एवढ्यावरच आपली प्रसिद्ध निम्फ (पाणकिड्याच्या अळीसारखी बुडती फ्लाय) बांधली. तारच वजन आणि तारच धागा. तुम्हाला फेझंटची गरज नाही, गावरान कोंबडीच्या पंखातल्या तपकिरी पिसाचे चार तंतू घ्या. १२ नंबरचा गळ आणि ३८ गेजची तार, जाडी ०.१५ मिमी. आधी तारेनेच दांड्यावर एक थर द्या आणि छातीच्या जागी छोटा फुगवटा करा. तंतू वळणाशी बांधा, टोकं ३ मिमी शेपूट म्हणून मागे राहू द्या. मग तंतू तारेभोवतीच हलका पीळ देऊन दोन्ही एकदम पुढे गुंडाळा. तार आत असल्यामुळे तंतू तुटत नाहीत. छातीवर तंतू मागेपुढे दोनदा दुमडा आणि तारेने नेढ्यामागे चार घट्ट वेढे देऊन एका अडकवणीने संपवा. पाण्यात दगडासारखी खाली जाते, म्हणून वाहत्या पाण्यात आणि खोल काठावर.

तरंगणारीसाठी हस्तकलेच्या दुकानातलं २ मिमी जाडीचं फोम शीट घ्या. जुन्या हवाई चपलेचं रबर बहुधा जड असतं. आधी तुकडा कापून पाण्यात टाका आणि बोटाने दाबून सोडा, उसळून वर आला तर घ्या. थर्माकोल घेऊ नका, नेलपॉलिश लागलं की विरघळतो. पट्टीची रुंदी गळाच्या टोक आणि दांड्यातल्या अंतराएवढी, त्याहून रुंद असली तर टोक झाकलं जातं. पट्टी वळणाशी बांधा, खाली लोकरीचं किंवा मोरपिसाच्या तीनचार तंतूंचं अंग करा, पट्टी पुढे दुमडून नेढ्यामागे बांधा. भुंगा तयार. फोमवर पहिले दोन वेढे नुसते टेकवायचे आणि तिसऱ्याला आवळायचं. पहिल्यालाच आवळलं तर धागा फोम सुरीसारखा कापतो. पायांसाठी जुन्या इलॅस्टिकमधले रबराचे दोन धागे, त्याच वेढ्यांत. इलॅस्टिक वर्षभरात कडक होऊन तुटतं, बदलायची तयारी ठेवा.

मोरपिसाचे सुटे तंतू फार नाजूक. चार तंतू धाग्याबरोबर पिळून दोर करा आणि मग गुंडाळा. एकेक गुंडाळले तर दुसऱ्या माशाला उघडे पडतात.

खाजणकाठ

मंडळी, खाऱ्या पाण्याचंही टाकतो, कारण तांबोशी आणि खजुऱ्याला आतापर्यंत सांगितलेल्या फ्लाय लहान पडतात. क्लाउझर मिनो बांधा. अमेरिकेत सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर यांनी ती तिथल्या स्मॉलमाउथ बास माशासाठी काढली, आमच्या खाजणातल्या पाण्यात ती तेवढीच चालते.

डोळ्यांना बेसिनच्या बुचाची किंवा किल्ल्यांची मण्यांची साखळी, दोन मणी एकत्र कापून. आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंड, आठवड्यात गंजून फ्लायसकट जाईल. पितळेची घ्या. दांड्याच्या वरच्या अंगाला, नेढ्यापासून एक तृतीयांश लांबी मागे, मणी ठेवा. तिरके आठाच्या आकड्यासारखे दहा वेढे, मग उलट तिरके दहा, आणि शेवटी मण्यांच्या खाली दांड्याच्या वर आडवे पाच वेढे. हे आडवे वेढे आधीचे सगळे गोळा करून घट्ट करतात, ते नसले तर मणी हलतात. वजन वरच्या अंगाला असल्यामुळे पाण्यात फ्लाय उलटते आणि टोक वर राहतं. खडकात कमी अडकते.

केसांसाठी गंगावन. हल्ली बरीच गंगावनं सिंथेटिक येतात, एक केस जाळून बघा: वितळला तर हवा तो. माणसाचे केस पाण्यात मलूल पडून एकमेकांना चिकटतात. पांढरे ४० केस मणी आहेत त्याच अंगाला, मण्यांच्या पुढे आणि मागे बांधा, गळ उलटा करून दुसऱ्या अंगाला हिरवे किंवा करडे ४०, मध्ये जरीचे चारपाच धागे. लांबी गळाच्या अडीचपट. लोक इथे हमखास दुप्पट केस घालतात. मग ती ओढताना मासोळी न वाटता रंगाचा ब्रश वाटते आणि बुडतही नाही. केस उजेडासमोर धरल्यावर पलीकडचं दिसलं पाहिजे. टोकं सरळ कापू नका, कात्री उभी धरून उलटसुलट टोचून विरळ करा. जरीचा धागा जुन्या साडीच्या काठाचा असेल तर त्याच्यातली तांब्याची तार खाऱ्या पाण्यात काळी पडते. प्लॅस्टिकचा जरीचा धागा चालतो.

परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवून रात्रभर उघड्यावर वाळवा, मगच डब्यात. ओली फ्लाय डब्यात गेली की एका गळाचा गंज शेजारच्या सगळ्यांना लागतो.

परदेशी_काठ

एक भर, मोरपिसांपुरती. वासुदेवाच्या टोपीत असतात तशी आपोआप गळलेली मोरपिसं देशात बाळगायला मुभा आहे, पण ती किंवा त्यांच्यापासून केलेली वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. परदेशातल्या नातेवाइकांना मोरपिसाच्या फ्लाय पाठवू नका, लोकरीच्या पाठवा. रानकोंबडा, खंड्या, नीलपंख यांची पिसं तर रानात पडलेली दिसली तरी उचलू नका. वन्यजीव कायद्याने ते गुन्ह्यात येतं आणि रंगीत धाग्याने त्याचं काम भागतं.

नेढं_आणि_गाठ

शिंगाळा, जाण्याआधी एवढं करा. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो, काठावर त्यांची परवानगी विचारून घ्या. आणि एकाच प्रकारच्या सहा फ्लाय ओळीने बांधा, सहा प्रकारच्या एकेक नको. पहिलीचं डोकं मोठं होईल, तिसरीला शेपटीचं माप बसेल, सहावी पाण्यात टाकायची. बाकीच्या पाच ब्लेडने कापून गळ परत वापरा. कापताना धागा गळाच्या पाठीवरून चिरा, टोकाकडून नाही, नाहीतर ब्लेड घसरून टोकाची धार जाते.